नऊ लाल आकडे आणि चार डॉक्टर

एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात: वय ४१. ऑफिसतर्फे फुल बॉडी चेकअप झालं, सत्तर टेस्ट. रात्री साडेदहाला मोबाइलवर पीडीएफ आली आणि त्यात नऊ आकडे लाल. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १७.१, प्लेटलेट्स १ लाख १० हजार, ईएसआर ३४, एचबीएवनसी ५.९, एसजीओटी ७१, एसजीपीटी ४९, टीएसएच ५.६. बाकी फास्टिंग शुगर ९२, फेरिटिन ११, क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन सगळं काळ्या अक्षरात, म्हणजे नॉर्मल. नवरा म्हणतो एवढं काही नसतं, गेल्या वर्षी माझेही चार लाल होते. ताईंनी मात्र रात्री दोनपर्यंत सर्च केलं आणि प्लेटलेट्सवरून थेट ब्लड कॅन्सरपर्यंत पोचल्या. चेकअपच्या दोन दिवस आधी जिम सुरू केली होती, तीन महिने केस गळतात म्हणून गोळ्या चालू आहेत. जिना चढताना दम लागतो, 'पण आता वय झालं'. हिमोग्लोबिनवर एकच ओळ: 'ते माझं कायमच जरा कमी असतं, त्याचं काही नाही'. प्रश्न असा की सगळ्या सत्तर टेस्ट उद्याच दुसऱ्या लॅबमधे परत करू का, आणि रक्ताचा, लिव्हरचा, थायरॉइडचा, शुगरचा अशा चार डॉक्टरांपैकी आधी कोणाकडे जाऊ?

---

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'त्याचं काही नाही' याच शब्दांवर अडकले. नऊ लाल आकड्यांपैकी आठांनी तुमची झोप उडवली आणि जो एक तुम्ही स्वतःच सोडून दिलात, माझ्या मते सगळं तिथूनच सुरू होतंय. पण त्याआधी लाल रंगाबद्दल बोलू, कारण तो रंग कॉम्प्युटर देतो, डॉक्टर नाही, आणि लोकांना वाटतं कोणीतरी रिपोर्ट वाचून धोक्याची खूण केलीय.

रेंज कशी काढतात माहितीये का? बऱ्याच निरोगी लोकांचं रक्त तपासतात, आकडे ओळीने लावतात, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के कापून टाकतात आणि मधले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे त्या रेंजच्या बाहेर पडलेले पाच टक्के लोकही निरोगीच होते, त्यांना काहीच झालेलं नव्हतं! म्हणूनच १९६९ मधे फिनलंडच्या ग्रासबेक आणि सारिस या दोघांनी 'नॉर्मल व्हॅल्यू' हा शब्द टाळून 'रेफरन्स व्हॅल्यू' म्हणायला सुरुवात केली, शब्द बदलला पण आपल्या डोक्यातलं नॉर्मल काही गेलं नाही. आता हिशोब करा, एका टेस्टला ९५ टक्के तर वीस टेस्टमधे सगळ्याच्या सगळ्या रेंजमधे यायची शक्यता ३६ टक्के उरते आणि सत्तर टेस्टला तर तीन टक्क्यांच्याही आत. अर्थात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात त्यामुळे प्रत्यक्षात अगदी एवढं कडक गणित लागत नाही, पण मुद्दा कळला ना, सत्तर टेस्टचा पूर्ण काळा रिपोर्ट हीच दुर्मिळ गोष्ट आहे. मिस्टरांच्या चार लाल आकड्यांचं तसं असू शकतं, न बघता मी त्यांनाही सर्टिफिकेट देणार नाही.

आणि गंमत म्हणजे सगळ्या रेंज अशा बनतही नाहीत. एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी यांच्या रेषा 'बहुतेक लोकांचं किती असतं' यावर ओढलेल्या नाहीत, 'कितीच्या पुढे त्रास वाढतो' यावर ओढल्यात. म्हणून एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १००च्या वर गेलं की लाल होतं, आणि ते निम्म्या ऑफिसचं लाल असतं. तिथे एकटा आकडा बघून काहीच ठरत नाही, वय, बीपी, सिगरेट, घरात कोणाला हार्टचा त्रास, हे सगळं धरून ठरतं.

आता तुमचे आकडे. मी ते लाल-काळे असे न वाचता एकत्र वाचते, म्हणजे कोण कोणाचा नातेवाईक आहे ते बघत.

हिमोग्लोबिन १०.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रेग्नंट नसलेल्या बाईला १२च्या खाली अ‍ॅनिमिया म्हणतात, ११ ते ११.९ सौम्य आणि ८ ते १०.९ मध्यम. तुम्ही ज्याला 'जरा कमी' म्हणताय ते मध्यम आहे ताई. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० हवा, तुमचा ७२, पेशी बारीक झाल्यात. आरडीडब्ल्यू १७ म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही मोठ्या काही चिमुकल्या, कारखान्यात कच्चा माल कधी येतो कधी येत नाही अशी अवस्था. आणि आता तो काळा आकडा बघा, फेरिटिन ११. तुमच्या लॅबची रेंज १० ते १२० छापलीये म्हणून ११ काळं राहिलं. फेरिटिन म्हणजे शरीराने शिलकीत टाकलेलं लोह आणि तीच जागतिक संघटना मोठ्या माणसाला १५च्या खाली लोह संपलं असं धरते, बरेच डॉक्टर तर अ‍ॅनिमिया असताना ३०च्या खाली असलं तरी तेच म्हणतात. शिल्लक संपलीये आणि पासबुकात ती ओळ काळ्या शाईत आहे! ही रेंज कशी बनली असेल याचा विचार करा, ज्या 'निरोगी' बायकांचं रक्त घेतलं त्यातल्या कितीजणींचं लोह आधीच कमी असेल.

म्हणजे तीन लाल एका घरचे. पण अजून दोन त्याच घरचे आहेत हे कोणी सांगत नाही.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजणं. पेशी कमी असल्या की त्या पटापट खाली बसतात, त्यामुळे अ‍ॅनिमियात ईएसआर आपोआप वाढतो. बायकांसाठी एक ढोबळ हिशोब आहे, वय अधिक १०, भागिले २, म्हणजे तुम्हाला साधारण २५ पर्यंत चालतं. ३४ फार लांब नाही. ताप, सांधे सुजणं, वजन उतरणं असलं काही नसेल तर मी त्याच्यामागे आत्ता धावणार नाही, हिमोग्लोबिन वर आल्यावर परत बघू.

एचबीएवनसी ५.९ बघून तुम्ही प्रीडायबेटीस लिहून मोकळ्या झालात. ५.७ ते ६.४ला तेच म्हणतात, खरंय, आणि ६.५च्या पुढे डायबेटीस. पण ही टेस्ट साखर थेट मोजत नाही, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते मोजते आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्याला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त वेळ फिरत राहतात, त्यांना साखर चिकटायला वेळ जास्त मिळतो, आकडा खोटाच थोडा वर सरकतो. तुमची फास्टिंग ९२ आहे, १००च्या आत. म्हणजे दोन साक्षीदार वेगळं बोलतायत आणि त्यातल्या एकाची नजर कमजोर आहे हे आपल्याला माहितीये. लोह भरल्यावर तीनेक महिन्यांनी परत करा, तोवर स्वतःला कुठलंही नाव चिकटवू नका. (उलटंही होतं, ज्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात किंवा ज्यांना नुकतंच रक्त चढवलंय त्यांचं एचबीएवनसी खोटं कमी येतं आणि डायबेटीस लपतो, ते जास्त वाईट.)

नऊपैकी पाच झाले. एक आजार, पाच लाल.

प्लेटलेट्स. इथे तुम्ही रात्री दोनपर्यंत जागलात. रिपोर्टचं शेवटचं पान बघितलंत का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'प्लेटलेट क्लम्प्स दिसले'. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधे रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, काही लोकांच्या प्लेटलेट्स त्याच्या संगतीत एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात, मशीन एका गठ्ठ्याला एक मोजतं किंवा मोजतच नाही. शरीरात प्लेटलेट्स पुरेशा, ट्यूबमधे कमी. कधी रक्त काढायलाच वेळ लागला, सुई दोनदा टोचली, तरी असे गठ्ठे होतात. निळ्या झाकणाच्या ट्यूबमधे परत सॅम्पल द्यायचं आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली बघावा असं सांगायचं, एवढंच. आणि अजून एक, लोह कमी असताना प्लेटलेट्स बरेचदा उलट वाढलेल्या सापडतात, त्यामुळे हा आकडा बाकीच्या गोष्टीत बसतच नव्हता, तिथेच शंका यायला हवी. पांढऱ्या पेशी नॉर्मल, अंगावर जांभळे डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, म्हणजे कॅन्सरकडे बोट दाखवणारं यात काही दिसत नाही.

मी स्वतः लॅबमधे बरीच वर्षं काढलीयत तरी एकदा माझंच पोटॅशियम ५.९ आलं होतं. ५च्या आसपास रेंज संपते आणि ६च्या पुढे हार्टच्या ठोक्यांची काळजी असते हे मला पाठ, त्यामुळे छातीत धडधडायला लागलं ते पोटॅशियममुळे की भीतीने देव जाणे. मग आठवलं, शीर सापडत नव्हती, रक्त काढणारा मुलगा मला मूठ उघड-बंद करायला लावत होता, आणि सॅम्पल नंतर बराच वेळ तसंच पडून होतं. लाल पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. त्याच दिवशी परत दिलं, ४.२. पण त्याच दिवशी दिलं हे लक्षात ठेवा, 'असेल चुकीचं' म्हणून पोटॅशियम महिनाभर ठेवून द्यायचं नसतं.

लिव्हरचे दोन, एसजीओटी ७१ आणि एसजीपीटी ४९ (काही रिपोर्टात एएसटी आणि एएलटी लिहितात, तेच ते). तुम्ही दोन दिवस आधी जिम सुरू केली आणि चेकअपच्या दिवशी पायऱ्या उतरताना मांड्या भरून आल्या होत्या असं लिहिलंय, मला वाचताना हसू आलं, सॉरी. ही दोन्ही एन्झाइम्स लिव्हरची म्हणून बदनाम आहेत पण एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं आणि सवय नसताना जोरात व्यायाम केला की ते रक्तात सांडतं, सोबत थोडं एसजीपीटीही. तुमच्यात एसजीओटी जास्त वाढलंय, बिलिरुबिन नॉर्मल आहे, चित्र स्नायूंकडे झुकतंय. दहा-पंधरा दिवस जड व्यायाम न करता परत करा आणि सोबत सीपीके करा, तो स्नायूंचाच मार्कर आहे. तेव्हाही वाढलेलं आलं तर मात्र सोनोग्राफी, हेपटायटिस बी आणि सीची टेस्ट, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते बघणं, हे सगळं रीतसर. कारण लिव्हरवर चरबी असणं हे खूप कॉमन कारण आहे आणि जिमचं निमित्त मिळालं म्हणून ते सुटून जायला नको.

टीएसएच ५.६, याच्यात जरा थांबूया. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं. टीएसएच दिवसभरात बदलतं, रात्री आणि पहाटे जास्त असतं, आजारपणातून उठताना वाढतं, त्यामुळे एका ५.६वर कोणी जन्मभराची गोळी सुरू करत असेल तर आधी विचारा. सहा-आठ आठवड्यांनी परत, सोबत फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि अँटी टीपीओ (थायरॉइडच्या विरोधातल्या अँटीबॉडीज). टी४ नॉर्मल असेल आणि टीएसएच १०च्या आत असेल तर बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर हिशोब वेगळा. पण तुमच्या केसांच्या गोळ्या! त्यात बहुतेक बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, कधी ५ तर कधी १० मिलिग्रॅम. टेस्टच्या काही पद्धतींमधे बायोटिन नाक खुपसतं आणि टीएसएच खोटं कमी दाखवतं. म्हणजे तुमचा खरा आकडा ५.६पेक्षा जास्तही असू शकतो. त्याच गोळीने टी४ खोटं जास्त दिसतं. पुढच्या टेस्टआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवा आणि लॅबला सांगा. आणि थायरॉइड कमी पडत असेल तर पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं, म्हणजे फिरून आपण परत त्याच घरी.

तर आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. लोह गेलं कुठे?

तुम्ही पाळीबद्दल काहीच लिहिलं नाही. किती दिवस जाते? सातपेक्षा जास्त? पॅड दर एक-दोन तासांनी बदलावं लागतं का, रक्ताच्या गाठी जातात का, रात्री उठावं लागतं का? बऱ्याच जणींना आपली पाळी जास्त आहे हेच माहीत नसतं कारण तुलना करायला दुसरी पाळी असते कुठे, आई आणि बहिणीचीही तशीच असते, मग तेच नॉर्मल वाटतं. गर्भाशयात गाठी असल्या तरी असं होतं. शिवाय पेनकिलर वरचेवर घेता का, अ‍ॅसिडिटी, शौचाला काळं होणं, सतत पोट बिघडणं? दम लागणं आणि केस गळणं तुम्ही वयावर ढकललंत, ४१ हे जिन्यावर धापा टाकायचं वय नाही हो. बर्फ किंवा माती खावीशी वाटते का तेही बघा, विचित्र वाटेल पण लोह कमी असलं की होतं आणि लाजून कोणी सांगत नाही.

आणि हे पुरुष वाचकांसाठी आणि पाळी थांबलेल्या बायकांसाठी खास: तुमच्या रिपोर्टात असंच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन कमी असेल तर नुसती लोहाची गोळी घेऊन गप्प बसू नका. तुमचं रक्त जायला पाळीचा रस्ता नाही, त्यामुळे पोटातून किंवा आतड्यातून जातंय का हे बघावंच लागतं, एन्डोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी सांगितली तर टाळू नका. गोळीने हिमोग्लोबिन वर येतं आणि आतलं कारण शांतपणे वाढत राहतं असं व्हायला नको.

बारीक पेशींचं दुसरं कारण थॅलेसिमिया मायनर, हिमोग्लोबिन बनवण्यातला दोष, जन्मतःच असतो आणि त्यात लोह घेऊन फायदा नसतो. ढोबळ खूण म्हणजे एमसीव्हीला आरबीसी काउंटने, म्हणजे लाल पेशींच्या संख्येने, भागायचं, १३च्या खाली आलं तर थॅलेसिमियाकडे शंका, वर आलं तर लोहाकडे. तुमचा काउंट ४.३ आहे, ७२ भागिले ४.३ म्हणजे १६.७. लोहच. पण 'कायमच कमी असतं' म्हणताय म्हणून एक लक्षात ठेवा, लोह भरल्यानंतरही एमसीव्ही ७२लाच बसून राहिला तर एचबीए२ची टेस्ट करा, हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार आहे आणि थॅलेसिमिया मायनरमधे वाढतो. लोह कमी असताना ती केली तर एचबीए२ खोटं कमी येऊन थॅलेसिमिया सुटू शकतो, म्हणून आधी लोह, मग ती.

तर सत्तर टेस्ट परत? नको. परत सत्तर केल्या तर परत नवे पाच लाल येतील आणि तुम्ही परत रात्री दोन वाजेपर्यंत. चार डॉक्टरही नकोत, लिव्हरवाला लिव्हर बघेल, थायरॉइडवाला थायरॉइड, आणि पाच आकडे एका घरचे आहेत हे कोणाच्या लक्षात येईलच असं नाही. एक फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, या आठवड्यात. पाळीचं उत्तर 'हो, जास्त जाते' असेल तर पाठोपाठ गायनॅक. नवऱ्याचं 'काही नसतं' पण नको, ते प्लेटलेट्सच्या बाबतीत बरोबर निघेल आणि हिमोग्लोबिनच्या बाबतीत चूक.

लोहाची गोळी डॉक्टर देतील, रोज किंवा एक दिवसाआड, दोन्ही पद्धती आहेत. चहा-कॉफीसोबत घेऊ नका, शोषली जात नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅम चढायला हवं, नाही चढलं तर गोळी अंगी लागत नाहीये किंवा रक्त अजून जातंय. आणि १२ झालं की बंद करायची चूक बहुतेक सगळे करतात, शिल्लक भरायला पुढे अजून तीनेक महिने लागतात, फेरिटिन बघून थांबवायची. कायम 'जरा कमी' असणाऱ्यांची अर्धी गोष्ट इथेच असते, दरवेळी एक महिना घेतली आणि सोडली.

थांबायचं नाही असे प्रसंगही सांगून ठेवते, इतरांसाठी. हिमोग्लोबिन ७च्या आसपास किंवा खाली आणि बसल्या जागी दम, प्लेटलेट्स खरोखरच २० हजारांच्या खाली किंवा कुठूनही रक्त येतंय, पोटॅशियम ६च्या वर, शुगर ३००च्या पुढे आणि उलट्या, डोळे पिवळे. यात सर्च करत बसायचं नाही, निघायचं.

जाताना जुने रिपोर्ट शोधून न्या, पाच वर्षांपूर्वीचे असले तरी. त्या वेळी एमसीव्ही ८५ असेल तर हे नंतर सुरू झालंय, तेव्हाही ७२ असेल तर थॅलेसिमियाचा प्रश्न परत उघडेल, आणि हे कुठलीच नवी टेस्ट सांगू शकत नाही. पुढच्या टेस्ट शक्यतो याच लॅबमधे करा, तुलना सोपी जाते. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दिवस कागदावर लिहा. आणि केसांच्या गोळ्यांची बाटली पर्समधे टाका, नाव आठवत नाही म्हणून ती सांगायचीच राहून जाते.